अहो, ऐकलंत का?

जुन्या गाडीतला गोंगाट आणि थरथर कमी करायची, तर खर्चाआधी कान लावावा लागतो

भिलाईच्या कॅम्प-१ मधलं एक मराठी घर डोळ्यांसमोर आणा. दारात २००८ सालची मारुती ८००. नंबर अर्थातच सीजी ०७ नं सुरू होणारा. आजोबा भिलाई पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमधून निवृत्त झाले, तेव्हा फंडाच्या पैशातून घेतलेली. २०२३ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली. रीतसर तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. इंजिन धडधाकट आहे, रंगही बरा आहे आणि मुख्य म्हणजे आजोबांचा तिच्यावर जीव आहे. गाडी विकायचा विषय घरात कुणी काढत नाही.

दिवाळीत सगळे नागपूरला आत्याकडे निघाले. पुढे आजोबा, चालवायला मुलगा, मागे सूनबाई आणि आठवीतली नात. दुर्ग, राजनांदगाव मागे पडलं, मोकळा रस्ता लागला आणि गाडीनं वेग घेतला. त्याबरोबर सुरू झाला तो चाकांचा घूं घूं आवाज, पायाखालच्या पत्र्याची थरथर आणि दाराच्या फटीतून शिरणाऱ्या वाऱ्याची शीळ. साकोलीच्या पुढे सूनबाई म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? भंडाऱ्याला जरा थांबू या." अहोंनी काही ऐकलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा त्यांना वाटलं खिडकी लावायला सांगते आहे. भंडारा गेलं. नात डोकं दुखतंय म्हणून आईच्या मांडीवर आडवी झाली. आणि आजोबा? घरी बोलायला बसले की न थांबणारे आजोबा चार-पाच तासांच्या प्रवासात चार वाक्यंही बोलले नाहीत.

"बाबांना ऐकू येईनासं झालंय. नागपुरात कानाच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ," मुलगा म्हणाला. त्यावर सूनबाईंचं म्हणणं असं, की बाबांचे कान दाखवाच, पण त्याआधी ही गाडी कुणाला तरी दाखवा.

हे घर कल्पनेतलं आहे. पण जुनी गाडी सांभाळणाऱ्या कुठल्याही घरात थोड्याफार फरकानं हेच घडतं. गोंगाटाची आपल्याला इतकी सवय होते, की गाडी जुनी म्हणजे आवाज येणारच, असं आपण धरून चालतो. गाडी जुनी असली तर थोडा आवाज राहणार, हे खरं. पण त्यातला बराचसा आवाज गाडीच्या वयाचा नसतो. तो न बदललेल्या रबरांचा, झिजलेल्या टायरांचा आणि उघड्या राहिलेल्या भोकांचा असतो.

कानाचा हिशेब

आधी आजोबांच्या कानाचं बघू. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा मानली जाते. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाचं ऐकणं सगळं एकदम जात नाही. आधी बारीक, तीव्र स्वर जातात. स, श, फ, त, क ही व्यंजनं मुळातच नाजूक आवाजाची. त्यामुळे अशा माणसाला बोलण्याचा आवाज येतो, पण शब्द लागत नाही. शांत घरात समोरच्याचा चेहरा पाहून तो अंदाज बांधतो. चालत्या गाडीत मागून येणाऱ्या बोलण्यात उरलीसुरली व्यंजनंही चाकांच्या गुरगुरीत बुडतात. दोन-तीनदा "काय?" विचारून झालं, की माणूस विचारणं सोडतो आणि गप्प बसतो. म्हणजे प्रश्न निव्वळ आरामाचा नाही. घरातलं एक माणूस गाडीत बसूनही प्रवासाबाहेर राहतं.

दुसरी बाजू चालकाची. सतत एकसुरी घरघर आणि थरथर यांनी माणूस लवकर थकतो, डोळे जड होतात. ट्रकांच्या रांगेतून अडीचशे किलोमीटर गाडी हाकणाऱ्याच्या बाबतीत ही बाब हसण्यावारी न्यायची नाही.

डेसिबलचा हिशेब मात्र आपल्या नेहमीच्या बेरजेसारखा नाही. दोन सारख्याच मोठ्या आवाजांपैकी एक पूर्ण बंद केला, तरी आकडा जेमतेम ३ नं उतरतो. १० डेसिबल कमी झाले, तेव्हा कुठे कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. यातून एक व्यवहारी धडा मिळतो. सगळ्यांत मोठा आवाज कुठला, ते शोधून आधी तोच कमी करायचा. तो तसाच ठेवून बाकीच्या चार ठिकाणी पैसे घातले, तर कानाला काडीचा फरक जाणवत नाही आणि "सगळं करून पाहिलं, काही उपयोग नाही" असं म्हणायची पाळी येते.

रुळांचा धडा

भिलाईकरांना हे समजावून द्यायला लांब जायला नको. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये करार होऊन हा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झालं. तेव्हापासून देशभरच्या रेल्वेला रूळ पुरवायचं काम भिलाई करत आली आहे.

पूर्वीच्या रेल्वेप्रवासाची खूण म्हणजे ती ठेक्यातली खडाक-खडाक. रूळ १३ मीटरचे, दोन रुळांमध्ये फट, आणि प्रत्येक फटीवर चाकाचा दणका. हा आवाज कमी करायला रेल्वेनं प्रवाशांच्या कानांत कापूस घातला नाही. फटीच काढून टाकल्या. रूळ एकमेकांना जोडून लांबच लांब केले. भिलाईत आता १३० मीटर लांबीचा रूळ थेट लाटला जातो आणि दोन रूळ जोडून २६० मीटरचे पट्टे रवाना होतात. शिवाय रूळ आणि काँक्रीटचा स्लीपर यांच्यामध्ये रबराची गादी असते. चाकाची थरथर तिथल्या तिथे थोडी जिरावी, हा तिचा उद्देश.

गाडीचंही असंच आहे. आवाज जिथे जन्मतो तिथे तो आधी थांबवायचा. मग तो ज्या वाटेनं आत येतो, ती वाट रबरानं तोडायची. एवढं करूनही जे उरेल, त्याच्यासाठी पत्र्यावर शीट आणि फेल्ट. बाजारात मात्र उलटा क्रम चालतो. आधी शीट चिकटवतात, कारण ती दिसते आणि तिचं बिल करता येतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली ही गत.

आवाजाच्या दोन वाटा

गाडीत आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेची वाट. दाराचं फाटलेलं बीडिंग, खिडकीच्या काचेची ढिली पट्टी, इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातली भोकं. क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, वायरिंग या भोकांतून आत येतं. प्रत्येक भोकाला रबरी बुच असतो, त्याला मेकॅनिक ग्रोमेट म्हणतात. वर्षांनुवर्षांच्या उष्णतेनं तो कडक होतो, तडकतो आणि एक दिवस गळून पडतो. कुणाच्या लक्षातही येत नाही.

छोटंसं भोक काय करणार, असं वाटेल. पण आवाज पाण्यासारखा असतो. पत्र्याच्या एकूण क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली, तर बाकीचा पत्रा कितीही जाड केला तरी २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. म्हणून महागडी शीट लावण्याआधी दहा-वीस रुपयांचा बुच बसवणं शहाणपणाचं.

दुसरी वाट धातूची. चाकाचा हादरा सस्पेन्शनमधून, इंजिनाचा हादरा माउंटिंगमधून, सायलेन्सरचा हादरा त्याच्या लटकत्या रबरांतून बॉडीच्या पत्र्यात उतरतो. पत्रा तबल्याच्या पुडीसारखा थरथरतो आणि तोच आवाज काढतो. इथे दारं-खिडक्या कितीही घट्ट केल्या तरी उपयोग नाही.

आधी वही-पेन

कॅम्प-१ मधल्या आपल्या कुटुंबानं गॅरेजमध्ये जायच्या आधी एका रविवारी सकाळी तपासणी करावी. लागेल फक्त एक वही आणि बाजूला बसून लिहिणारं माणूस. नातीनं ते काम आनंदानं केलं असतं.

पहिलं काम गाडी रिकामी करायचं. डिकीतला जॅक, पाना, ढिली स्टेपनी, सीटखालची पाण्याची बाटली, मागच्या सीटबेल्टचं लोंबतं बक्कल. खडखडीतली निम्मी खडखड कधी कधी इथेच सापडते.

मग रहदारी नसलेल्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर ४०, ६० आणि ८० च्या वेगानं गाडी चालवायची, रस्त्यावर जेवढा वेग चालतो त्याच मर्यादेत. कुठल्या वेगाला कुठला आवाज, तो पुढून की मागून, हे बाजूच्यानं लिहायचं. चालकानं लिहायच्या भानगडीत पडू नये. नंतर मागेपुढे कुणी नसताना क्षणभर गिअर न्यूट्रल करायचा. इंजिन मात्र चालूच ठेवायचं. ते बंद केलं तर ब्रेकची मदत जाते. न्यूट्रलमध्येही घूं घूं तशीच राहिली, तर दोष चाकाकडे किंवा टायरकडे आहे. आवाज एकदम उतरला, तर इंजिन, माउंटिंग किंवा सायलेन्सर बघावा.

घूं घूं चालू असताना हलक्या वळणावर लक्ष द्यावं. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढला, तर डाव्या चाकाच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. डावीकडे वळताना वाढला, तर उजव्या चाकाचा. पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी हळू चालवताना पुढून कट-कट-कट आलं, तर पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टचा जोड झिजला असेल.

दाराची तपासणी घरीच होते. दार लावताना बीडिंगमध्ये दहा रुपयांची नोट धरायची आणि मग हळूच ओढायची. नोट अडून आली तर ठीक, अलगद निसटली तर तिथे बीडिंग बसलेलं नाही. चारही दारांना सगळीकडून असं पाहायचं. रात्री गाडीत एकानं बॅटरी फिरवावी आणि बाहेरच्यानं कुठून उजेड फुटतो ते बघावं. वाऱ्याच्या शिळेसाठी दाराच्या फटींवर बाहेरून कागदी टेप लावून एक फेरी मारावी. शीळ गेली, तर चोर सापडला. एकेक टेप काढत गेलं की नेमकी जागाही कळते.

हल्ली मोबाइलमध्ये आवाज मोजायची सोय मिळते. तिचा आकडा अगदी बरोबर असेलच असं नाही, पण तोच फोन, तीच जागा, तोच रस्ता आणि तोच वेग ठेवला, तर कामाआधीची आणि नंतरची तुलना करायला ती पुरते.

पैसे कुठल्या क्रमानं घालावेत

टायर पहिले. टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१७ असेल, तर टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. वरची नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होतं, आणि कडक रबर रस्त्याचा प्रत्येक खडा आत कळवतं. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांचा टायर कसाही दिसला तरी वापरू नये, असं कित्येक उत्पादक सांगतात. टायरवर तळहात फिरवून बघावा. करवतीच्या दातांसारखं खालीवर लागलं, तर अलाइनमेंट बिघडलेली आहे आणि घूं घूं तिथूनच येते आहे. हवा गाडीच्या पुस्तिकेत दिली आहे तेवढीच ठेवावी. जास्त हवेनं टायर दगडासारखा होतो आणि हादरे वाढतात.

दुसरं चाकांचं बॅलन्सिंग. मारुती ८०० चं चाक लहान, १२ इंची रिमचं. ताशी ८० च्या वेगाला ते सेकंदाला सुमारे १४ फेऱ्या मारतं. रिमच्या कडेला २० ग्रॅमचा फरक असला, तर त्या वेगाला बसणारा हिसका सव्वादोन किलोच्या वजनाइतका असतो. तो सेकंदाला चौदा वेळा बसतो. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि वेग वाढवला की पुन्हा शांत होतं, ते यामुळे. हा इलाज अगदी थोडक्या पैशांत होतो.

तिसरं बेअरिंग आणि सस्पेन्शनची रबरं. बेअरिंग आवाज करत असेल, तर ते बदलण्यावाचून इलाज नाही. बुश, शॉकअपची वरची रबरं, स्टॅबिलायझरची रबरं गाडी उचलून बघावी लागतात. रबराला भेगा असतील किंवा धातू धातूला घासत असेल, तर खड्ड्यातला धप्प आवाज तिथला.

चौथं इंजिन माउंटिंग. मारुती ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं. उभ्या गाडीत मिनिटाला ९०० फेऱ्या होत असतील, तर सेकंदाला बावीस-तेवीस ठोके बसतात. ते पिऊन टाकायचं काम माउंटिंगच्या रबराचं. रबर बसलं की आरसा, स्टिअरिंग, डॅशबोर्ड सगळं कापरं भरल्यासारखं हलतं. क्लच सोडताना इंजिन धक्का देत असेल, तर हीच खूण. पण माउंटिंग बदलण्याआधी इंजिन तीनही सिलिंडरवर नीट चालतंय ना, ते बघून घ्यावं. एक प्लग दगा देत असेल, तर नवं रबर बिचारं काय करणार?

पाचवा सायलेन्सर. त्याची लटकती रबरं तुटली, की पाइप बॉडीला टेकतो आणि सगळी गाडी गुणगुणते. याच ठिकाणी एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. सायलेन्सर फुटला असेल आणि फरशीच्या पत्र्याला गंजून भोकं पडली असतील, तर ज्या वाटेनं आवाज येतो त्याच वाटेनं धूरही येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गाडीत बसलं की डोकं दुखणं, मळमळणं, सुस्ती येणं आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटणं, असं वारंवार होत असेल, तर गाडी लागते म्हणून सोडून देऊ नये. आपल्या गोष्टीतल्या नातीचं डोकं कशानं दुखलं, ते सांगता येणार नाही. पण तिच्या आईबापांनी सायलेन्सर आणि डिकीच्या दाराचं बीडिंग त्याच आठवड्यात तपासलं पाहिजे. तोवर गाडी लांब नेऊ नये.

सहावं बीडिंग, ग्रोमेट आणि खिडकीच्या पट्ट्या. यानंतरच शीटचा विचार.

शीट लावायचीच, तर

एवढं करून पुन्हा एक फेरी मारावी. पुष्कळांचं काम इथेच भागतं. तरीही पायाखालचा पत्रा घुमत असेल, तर तीन प्रकारचा माल मिळतो आणि तिघांची कामं वेगवेगळी आहेत.

पहिली चिकट रबरी शीट, वरून ॲल्युमिनियमची. ती आवाज अडवत नाही, पत्र्याची थरथर मारते. पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक करावी. ठण्ण वाजला तर तिथे गरज आहे, ठक्क वाजला तर नाही. सगळा पत्रा मढवायची गरज नसते. मधला जो भाग सर्वांत जास्त थरथरतो, तिथे पाव ते अर्ध्या भागावर शीट लावली तरी बहुतेक फायदा पदरात पडतो. २ मिलिमीटर जाडीच्या शीटचं वजन चौरस मीटरला ३ ते साडेतीन किलो भरतं. ६ चौरस मीटर लावली, तर वीसेक किलो. छोट्या गाडीला हा भार फुकटचा.

दुसरा फेल्ट किंवा फोम. तो हवेतला आवाज पितो. गालिच्याखाली घालायला बरा. पण उघड्या छिद्रांचा फोम पाणीही पितो, म्हणून दारात आणि फरशीवर बंद छिद्रांचा घ्यावा.

तिसरा जड, लवचीक थर. इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावर आणि पायांखाली तो आवाज अडवतो. यात मात्र भोक ठेवून चालत नाही.

घराच्या गच्चीला लावायची डांबरी पट्टी स्वस्त पडते म्हणून काही जण तीच वापरतात. भिलाईच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. ते डांबर मऊ होतं, ओघळतं आणि गाडीभर वास सुटतो. छतावर आणि दारांत ती मुळीच लावू नये.

हे विसरू नका

फरशी उघडली की आधी गंज बघावा. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर शीट चिकटवणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. पावसाळ्यात आत पत्रा कुजत राहतो आणि वरून काही कळत नाही. गंज खरवडून, डेंटरकडून भोकं बुजवून, रंग मारून, पूर्ण वाळल्यावरच शीट. हे काम पावसाळ्यानंतर काढावं.

दाराच्या तळाशी पाणी निघून जायला छिद्रं असतात. ती बुजवू नयेत. दाराच्या आतला प्लॅस्टिकचा कागद पाणी अडवण्यासाठी असतो, तो फेकू नये. काच खालीवर होते त्या वाटेत, सीटबेल्टच्या गुंडाळीत, पेट्रोलच्या नळीवर आणि सायलेन्सरजवळच्या तापणाऱ्या भागावर काही चिकटवू नये. सीट काढली असेल, तर तिचे आणि सीटबेल्टचे बोल्ट जाणकाराकडून पुन्हा नीट कसून घ्यावेत. एअरबॅग असलेल्या गाडीत सीटखालच्या वायरींना घरी हात लावूच नये.

गाडी बदलली की आवाजाची ठिकाणंही बदलतात. ॲम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी असेल, तर तिची मागची चाकं फिरतात. त्यामुळे पुढून मागे जाणारा लांब शाफ्ट आणि त्याचे क्रॉस आधी बघावेत. मागच्या पाट्यांचे बुश सुकले असतील, तर प्रत्येक उंचवट्यावर करकर येते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीच्या रूपात ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर धावत होती. अशा गाड्या टिकल्या त्या पत्र्याच्या जोरावर तर खऱ्याच, पण रबराचे लहानसहान भाग वेळच्या वेळी बदलणाऱ्यांच्या जोरावरही.

शेवटी अपेक्षेची गोष्ट. जुनी छोटी गाडी नव्या मोठ्या गाडीइतकी शांत होणार नाही. तिची काच पातळ, पत्रा हलका, चाक लहान. तशी ती करायचा हट्टही धरू नये. गाडीचा आवाज ही तिची भाषा असते. बेअरिंग गेलं, ब्रेक घासला, सायलेन्सर फुटला, हे ती आवाजानंच सांगते. तो आवाज शीटखाली गाडून टाकला, तर गाडी बरी होत नाही, फक्त मुकी होते. आणि मुकी गाडी महामार्गावर काय करेल, याचा भरवसा नाही.

आपल्या गोष्टीतलं कुटुंब याच क्रमानं गेलं, असं धरू या. आठ वर्षांचे टायर बदलले, चाकं बॅलन्स केली, मागचं एक बेअरिंग नवं टाकलं, सायलेन्सरचा पाइप आणि त्याची रबरं बदलली, गळालेले दोन ग्रोमेट आणि फाटलेलं बीडिंग बसवलं. शीट लावली ती फक्त मागच्या सीटखालच्या आणि डिकीतल्या पत्र्याला. आजोबांचे कानही तपासून झाले.

संक्रांतीला पुन्हा नागपूर. साकोलीच्या पुढे मागून आवाज आला, "अहो, ऐकलंत का?"

चालवणाऱ्याचं लक्ष पुढच्या ट्रककडे होतं. शेजारून आजोबाच म्हणाले, "त्यानं नाही ऐकलं, मी ऐकलं. भंडाऱ्याला थांबायचं म्हणतेय ती. थांब रे."